तीन नंबरचा बिल्ला

कचेरीतली ती पद्धत सुमंगलाबाईंनीच पाडली होती, आणि तिचा त्यांना तोराही होता. जन्मनोंदीचं रजिस्टर एक, लिहिणारे हात तीन. एकदा विष्णुपंत आणि नागनाथ यांनी एकाच पोराच्या दोन तारखा चढवल्या आणि ते बिचारं दोनदा जन्मलं. तेव्हा बाईंनी प्रत्येकाला नंबर घातलेला पितळी बिल्ला दिला. रजिस्टर घ्यायचं तर फडताळातल्या खिळ्याला आपला बिल्ला अडकवायचा, परत ठेवलं की काढायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

सोमवारी झरीच्या नोंदी अर्ध्याच उतरवून झाल्या. मधेच कुणी घोळ घालायला नको म्हणून बाईंनी रजिस्टर आपल्या खणात ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली आणि पोखर्णीला भाचीच्या लग्नाला गेल्या. त्यांचा तीन नंबरचा बिल्ला खिळ्यावरच राहिला.

गुरुवारी परतल्या, तर पायरीवर एक बाई आणि तिची पोरगी बसलेल्या.

"झरीच्या चांगुणाबाई," नागनाथ म्हणाला. "मंगळवारपासून यायल्यात. मनकर्णाला नर्सच्या ट्रेनिंगला जायचंय, जन्माचा दाखला पाहिजे. काल शेवटची तारीख होती."

"अरे, मग कुलूप तोडायचं!"

"तुमचा बिल्ला लटकलेला, बाई. मागं तो नुसता फडक्यानं पुसला, तर आठवडाभर बोलला नव्हतात माझ्याशी."

विष्णुपंतांनी चष्म्यावरून पाहिलं. "निरोप धाडणार होतो. म्हटलं, येतीलच."

दाखला लिहायला पाच मिनिटं लागली. शिक्का मारताना बाईंना मान वर करवेना.

"चूक माझी हो, चांगुणाबाई."

"आमाला वाटलं, आमच्याच नावाला कुलूप लावलंय," चांगुणाबाई सरळ आवाजात म्हणाल्या. "पयले आमच्या लोकास्नी असंच बसवून ठेवायचे बाहेर. म्हनलं, हे काय नवं न्हाई."

बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. यापेक्षा त्यांना शिव्या चालल्या असत्या. त्यांनी कोरा कागद ओढला आणि लिहिलं: उशीर अर्जदाराचा नाही. रजिस्टर माझ्या कुलपात होतं.

"काय लिवलं? वाचा की."

बाईंनी पुटपुटत वाचलं.

"मोठ्यानं. त्या पंतास्नी बी ऐकू जाऊ द्या."

बाईंनी पुन्हा वाचलं. 'माझ्या' या शब्दाशी आवाज अडला, पण वाचलं. मनकर्णा कागदात डोकावली. "बाई, खाली तारीख राहिली."

तारीख घालून तिघी तशाच उन्हात ट्रेनिंगच्या हापिसात गेल्या. खिडकीतल्या बाईनं चिठ्ठी दोनदा वाचली. "हे लिहिणाऱ्या कुठंयत?"

"मीच ती."

तिनं सुमंगलाबाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मनकर्णाचा फॉर्म गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. "ठेवून घेते. जागा उरली तर बघू."

"उरंल का?" चांगुणाबाईंनी विचारलं, खिडकीला नाही, सुमंगलाबाईंना.

सुमंगलाबाई कचेरीत परतल्या तेव्हा पायरीवर आणखी दोघंजण ताटकळलेले. आत टेबलावर रजिस्टर उघडं पडलेलं, आणि त्याच्यासमोर नागनाथ हाताची घडी घालून बसलेला. बाईंनी खिळ्याकडं पाहिलं. तीन नंबरचा बिल्ला तिथंच होता. घाईत तसाच राहिला होता.

"हात नाही लावला," नागनाथ अभिमानानं म्हणाला.

बाईंनी बिल्ला काढला. मग कनवटीची किल्ली सोडवून, बिल्ल्याच्या जागी त्याच खिळ्याला अडकवली.

"ही इथंच राहील. आणि मी नसले तर माझा बिल्ला काढायचा, नागनाथ. मला न विचारता."

मग त्यांनी पायरीवरच्या दोघांना आत बोलावलं आणि आधी बसायला खुर्च्या दिल्या.