चिंधीची गाठ

“माझी गाठ दिसली नाही ना, की वर येऊन बघायचं,” असं म्हणत वरच्या मजल्यावरच्या शिलाई मशीनवाल्या आजींनी आपल्या खोलीची किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. किल्लीला जांभळ्या कापडाची चिंधी बांधलेली होती.

“कसली गाठ, आजी?”

“अगं, कचऱ्याच्या पिशवीची. सगळ्यांच्या पिशव्या काळ्या, मेल्या सगळ्या जुळ्या बहिणी. जिच्या मानेला चिंधी, ती माझी. कोपऱ्यावर ती दिसली की समज, म्हातारी ठणठणीत आहे. नाही दिसली, तर काहीतरी बिनसलंय.”

“काहीतरीच काय बोलता,” ती म्हणाली. तेवढ्यात कडेवरच्या छकुलीने किल्ली हिसकून तोंडात घातली. ती काढून घेण्याच्या गडबडीत बोलणं तिथेच राहिलं. आजी हसत जिना चढून गेल्या, आणि किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकली ती लटकलीच.

आजी तिच्या अगदी डोक्यावर, वरच्या एका खोलीत एकट्याच राहायच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, दुसऱ्या गावात एक भाची. शाळेचे गणवेश, खिडक्यांचे पडदे, उशांचे अभ्रे, कोणाची पॅंट आखूड कर तर कोणाचा फ्रॉक सैल कर, यातच सगळं आयुष्य शिवून झालेलं. छकुली झाली तेव्हा मशीनच्या खडखडीने ती दुपारची दचकून उठायची. शेवटी एकदा हिने वर जाऊन चाचरत सांगितलं. आजी रागावल्या नाहीत. एक जुनी गोधडी घडी करून त्यांनी मशीनच्या पायांखाली सरकवली, आणि त्या दिवसापासून खडखडीची घरघर झाली. त्या घरघरीवर छकुली झोपायला शिकली.

कचऱ्याची गाडी पूर्वी रोज सकाळी यायची. मग एक दिवसाआड येऊ लागली, मग आठवड्यातून एकदा. आणि आता तर येईल तेव्हा येईल. गल्लीच्या कोपऱ्यावर पिशव्यांचा ढीग झाला, ढिगाचा डोंगर झाला, कुत्र्यांनी त्याची आतडी रस्ताभर पसरली. माशा आल्या. माशांच्या मागून उंदीर आले.

कॉलेजात ती जंतूंबद्दलच शिकली होती. उंदरांच्या मुतातून काय पसरतं, माशीच्या पायांना काय चिकटतं, हे सगळं तिने परीक्षेत आकृत्यांसह लिहून चांगले गुण मिळवले होते. आता त्या आकृत्या तिच्या डोळ्यांसमोर वळवळत. अशातच एका सकाळी ओट्यावर छकुलीची दुधाची बाटली आडवी पडलेली दिसली, आणि बाटलीचं रबरी निपल कुरतडलेलं. दातांच्या खुणा बारीक, नीटस, शिवणीच्या टाक्यांसारख्या.

तेव्हापासून खिडक्या बंद. दाराच्या फटीत ओला टॉवेल. नुकतीच रांगायला लागलेली छकुली दिवसभर पलंगावर, चारी बाजूंनी उशांचा तट. जमिनीकडे हात करून ती रडरड रडायची.

“अगं, सोड तिला खाली,” नवरा म्हणायचा. “तू उंदरांना घाबरतेस की उंदीर तुला, तेच कळेनासं झालंय.”

“बाटली तू धुतली नव्हतीस,” ती म्हणायची.

कोपऱ्यावर आणि जिन्यात पिशव्या टाकू नका, गाडी येईपर्यंत घरातच ठेवा, हे तीच घरोघरी जाऊन सांगून आली होती. कोणी तोंड वाकडं केलं. खालचे इस्त्रीवाले काका म्हणाले, “मग काय उशाला घेऊन झोपू?” आजी तेवढ्या लगेच तयार झाल्या. “बरं बाई. लेकराचं घर आहे. मी ठेवते माझ्या खोलीत. गाडी आली की सगळ्या एकदम उतरवीन.”

तेव्हापासून कोपऱ्यावर चिंधीची गाठ दिसेनाशी झाली. ते कोणाच्या लक्षात आलं नाही. तिच्याही नाही.

त्या दुपारी छकुली नुकती झोपली होती आणि तिचाही डोळा लागत होता. इतक्यात छतावर आवाज आला.

टक.

ती ताठ झाली.

टक. टक. आणि मग काहीतरी फरशीवरून ओढल्यासारखं, खर्रर्र.

तिने पाय वर घेतले, छकुलीला पोटाशी धरलं आणि नवऱ्याच्या ऑफिसात फोन लावला.

“छतात उंदीर आहे.”

“छतात कुठून येईल? सिमेंटचं आहे ते.”

“मग वर आजींच्या खोलीत असेल. पिशव्या साठवल्यात त्यांनी. मोठा आहे, आपटतोय.”

“मग जा ना वर, सांग त्यांना.”

“पोरीला घेऊन उंदराच्या बिळात जाऊ? की इथे एकटीला टाकून जाऊ?”

तिकडून एक सुस्कारा ऐकू आला. “बरं, मग काठी वाजव. आवाजाने पळतात.”

ती पलंगावर उभी राहिली आणि झाडूच्या दांड्याने छतावर ठोकलं. धप, धप, धप. जोरात, जीव खाऊन. पांढरी भुकटी तिच्या केसांत पडली.

वर सगळं शांत झालं. तिने श्वास सोडला.

आणि मग वरून आवाज आला. टक, टक, टक. आधीपेक्षा स्पष्ट, आधीपेक्षा घाईने.

झाडू तिच्या हातातून गळून पडला. असा धीट उंदीर तिने ऐकलाही नव्हता. तिने पंखा मोठा केला, रेडिओ लावला आणि नवरा येईपर्यंत मुलीला घेऊन पलंगाच्या मधोमध बसून राहिली. रेडिओच्या आडून तो आवाज मधूनमधून येत राहिला. मशीनची घरघर आज नव्हती. हे तिच्या कानांना कळलं होतं, पण मनापर्यंत पोचलं नाही. काम नसेल, एवढंच वाटून गेलं.

संध्याकाळी नवऱ्याने कान देऊन ऐकलं, तेव्हा काहीच नव्हतं. पहाटे एकदाच आवाज आला, अगदी हळू, कोणी नखाने वाजवावं तसा.

“चला, थकला बिचारा,” नवरा कूस बदलत म्हणाला. “जाईल आता.”

सकाळी तो कामाला गेला आणि थोड्याच वेळात गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला. गाडी आली होती. कोणाचा विश्वासच बसेना. दारं धडाधड उघडली. जो तो दोन्ही हातांत पिशव्या घेऊन धावत सुटला, कोणी दाढीचा साबण तोंडाला असताना, कोणी पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून. तीही एका कडेवर छकुली आणि दुसऱ्या हातात पिशव्या घेऊन, नाक दाबायला हात उरला नाही म्हणून श्वास रोखून खाली उतरली.

“या पाहुणे,” इस्त्रीवाले काका गाडीवाल्याला म्हणाले. “वाट चुकलात का आज?”

“बोला, बोला. परत यायचं की नाही, ते तुमच्या जिभेवर आहे,” गाडीवाला पिशव्या वर फेकत म्हणाला.

“अहो, गंमत केली. चहा घेता का?”

“या वासात?”

लोक हसले. किती दिवसांनी सगळे एकमेकांना असे भेटत होते. काकांनी भोवताली नजर फिरवली. “मशीनवाली कुठाय? ती तर भोंग्याआधी हजर असते.”

तिने ढिगाकडे पाहिलं. काळी पिशवी, काळी पिशवी, काळी पिशवी. गाडीच्या पोटात पाहिलं. एकाही मानेला चिंधी नव्हती.

किल्ली देताना आजी काय म्हणाल्या होत्या ते तिला आठवलं. आणि मग, तिथे उभ्या उभ्या, कालची दुपार तिला पुन्हा ऐकू आली. तिची धप, धप, धप. मग ती शांतता. मग वरून टक, टक, टक.

उंदीर उत्तर देत नाहीत.

जन्मल्यापासून तिने छकुलीला परक्या हातात दिलं नव्हतं. आता तिने पोरीला काकांच्या छातीशी अक्षरशः लोटलं, “धरा हिला, धरा,” एवढंच म्हणाली आणि पळाली. खिळ्यावरची किल्ली तिने अशी ओढली की चिंधी खिळ्यात अडकून फाटली. पिशव्यांचं सांगून आल्यापासून वरच्या मजल्याचा जिना ती चढली नव्हती. पायरीगणिक वास दाट होत होता, आणि तो वास कशाचा असेल हा विचार ती मागे ढकलत होती.

“आजी,” तिने बंद दाराबाहेरून दबक्या आवाजात हाक मारली.

किल्ली फिरली. दार वीतभर उघडलं आणि अडलं. पलीकडे काहीतरी मऊ होतं, जड. ती तशीच खिळून उभी राहिली. परत जावं, काकांना बोलवावं, कोणीतरी दुसऱ्याने हे पाहावं. मग डोळे मिटून तिने खांद्याने दार रेटलं. ते मऊ काहीतरी सरकलं, धपकन कोसळलं.

“हळू,” आतून घोगरा आवाज आला. “पिशव्या फुटतील.”

तिने डोळे उघडले. दाराशी पिशव्यांची उतरंड पसरली होती आणि प्रत्येकीच्या मानेला गाठ होती, लाल, हिरवी, चौकड्याची, फुलाफुलांची. त्यांच्यापलीकडे मशीनजवळ आजी जमिनीवर पडल्या होत्या, एक पाय भलत्याच कोनात वळलेला. पायात एका पिशवीचा बंद अडकला होता. शिवायला घेतलेला कोणाचा तरी पडदा ओढून त्यांनी कमरेखालचं अंग झाकून घेतलं होतं. उजव्या मुठीत मोठी कात्री होती. मुठीखालची फरशी टोकरून पांढरी पडली होती.

“आधी पाणी दे,” आजी म्हणाल्या. “आणि खिडकी उघड गं. किती वास मारतोय.”

तिने मांडीवर त्यांचं डोकं घेतलं आणि घोटघोट पाणी पाजलं. रडू आवरत नव्हतं. “काय झालं, आजी? कधी पडलात?”

“काल सकाळी. माशांपायी खिडकी लावलेली, अंधार होता खोलीत, पिशवी दिसली नाही. सगळ्यांची दारंखिडक्या बंद, हाका कोणाला ऐकू गेल्या नाहीत. तू रडू नको. पोरगी कुठाय?”

“काकांकडे.”

“दिलीस? खरंच दिलीस?” आजींच्या सुकलेल्या ओठांवर हसू आलं. “बघ, जमतं की.”

रुग्णवाहिका आली. त्यांना स्ट्रेचरवरून जिन्याने उतरवताना वळणावर सगळे थांबले, तेव्हा आजींनी तिचा हात धरला. “गाडी गेली का?”

“आहे अजून. काकांनी थांबवून धरलीय.”

“मग माझ्या पिशव्या टाकून दे. परत कधी येते कोण जाणे.”

त्या पिशव्या तिने एकटीने उतरवल्या. कोणाला हात लावू दिला नाही. गाडीच्या मागचा लोखंडी जबडा मिटताना शेवटची फुलाफुलांची गाठ दिसली, मग तीही गेली.

दवाखान्यात ती रोज जायची, छकुलीला घेऊनच. एका दुपारी आजींना जरा तरतरी होती. त्यांनी छकुलीच्या तळव्याला गुदगुल्या केल्या आणि म्हणाल्या, “तू खालून काठी वाजवलीस ना, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, ऐकलं हिने. आता येईल.”

तिने छकुलीचं झबलं नीट केलं. “मग?”

“मग काय. आलीस की तू.”

काठी का वाजवली होती, ते तिच्या ओठांवर आलं होतं. मधली ती अख्खी रात्र ओठांवर आली होती. पण परिचारिका औषध घेऊन आली, छकुली रडायला लागली, आणि उद्या सांगू म्हणून ती उठली. त्या रात्रीच आजींच्या छातीत पाणी झालं. उद्याचा दिवस त्यांनी पाहिला नाही.

भाची आली, मशीन घेऊन गेली. गोधडी तेवढी हिने मागून घेतली. ती आता जमिनीवर पसरलेली असते आणि छकुली तिच्यावरून रांगत भिंतीपर्यंत जाते. गाडी अजूनही येईल तेव्हा येते. उंदीर आहेत. भीतीही आहे. दुपारी छकुली झोपली की ती कधीकधी झाडूचा दांडा उचलते, छतावर हळूच वाजवते आणि कान देऊन थांबते.

पिशवीच्या मानेला ती आता चिंधी बांधते. गाडी आली की खाली उभी राहून कोणाची पिशवी आली नाही ते बघते आणि ज्याची आली नाही त्याचं दार वाजवते. लोक हसतात. भेटेल त्याला ती सांगते, तुम्हालाही सांगेल: तुमच्या डोक्यावर, भिंतीपलीकडे, जिन्याच्या टोकाला कोणीतरी एकटं राहत असेल. आवाज कशाचा असेल याचा अंदाज बांधत बसू नका. हातात जे असेल ते बाजूला ठेवा आणि आत्ता एकदा जाऊन त्यांचं दार वाजवा. दार उघडेपर्यंत तिथेच थांबा.