पाण्यावरची शीळ

सुंदररावाचं म्हणणं असं, की माणूस हसला की हात खिशाकडं जातो आणि रडला की डोळ्याकडं. म्हणून धंदा करायचा तर हसवण्याचा करावा. परळीत स्टेशनाच्या अंगाला त्याचं कॅसेटचं दुकान होतं आणि मागं रेकॉर्डिंगची खोली. सकाळी फडकं मारलं तरी दुपारपर्यंत काउंटरच्या काचेवर थर्मल वीजकेंद्राच्या राखेचा पातळ थर बसायचा आणि त्या थरावर बोटानं आकडे मांडत सुंदरराव गिऱ्हाइकाशी बोलायचा. त्या दिवशी मात्र त्याचं बोट काचेवर नुसतंच टेकून राहिलं होतं. टेपमध्ये बिभीषण गात होता. पहिलं गाणं संपून दुसरं लागलं, तरी ढोलकी आली नव्हती.

"ढोलकी कुठाय बे?"

"न्हाई."

"म्होरच्या गाण्यात?"

"त्यात बी न्हाई, शेठ."

"मंग हाय तरी काय?"

"मी हाय," बिभीषण म्हणाला.

सुंदररावानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मेव्हण्याच्या लग्नाला चार दिवस गेलो, तेवढ्यात या माणसानं खोलीत बसून काय करून ठेवलं, ते त्याला आत्ता कळत होतं. "तू हायस ते दिसतंय मला. तुज्याकडं बघून कोन कॅसेट घ्यायलंय?"

सुंदररावाचंही चुकत नव्हतं. तात्याबाच्या गाण्याच्या पार्टीत बिभीषणनं कितीतरी वर्षं मागं उभं राहून 'जी जी' केलं होतं. मग तो फुटला आणि एकट्याच्या नावावर पहिली कॅसेट काढली. तिच्यातलं 'चेअरमन बसला जीपात, ऊस माझा वाळला मापात' हे गाणं केजपासून परळीपर्यंत एकही वरात चुकवत नव्हतं. गंमत म्हणजे ज्याची टिंगल होती त्यानंच ती कॅसेट आधी घेतली. मोहनराव चेअरमन कच्चे नव्हते. आपल्यावरचं गाणं आपल्याच जीपमध्ये वाजायला लागलं की त्यातलं विष निघून जातं, हे त्यांना कळत होतं. गाणारा त्यांच्या साखर कारखान्याच्या सभेलाही येऊ लागला, हारही घालून घेऊ लागला. टिंगल करणारा माणूस पदरी असला की चेअरमनला बरं दिसतं.

आता तो हसवणारा बिभीषण कुठं गेला, हे बिभीषणलाही सांगता आलं नसतं.

लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली, तेव्हा त्याच्या बापानं, सटवानं, दावणीची सगळी गुरं एका बाजारात विकली. जनावर विकलं तरी दावं विकायचं नाही, हा रिवाज. सटवा सगळी दावी खांद्यावर टाकून घरी आला, ती खुंटीला अडकवली, आणि आठवड्याच्या आत गेला. ताप नाही, खोकला नाही. बिभीषणनं खांदा दिला, पाणी दिलं, आल्यागेल्याला चहा दिला. रडला मात्र नाही. कोण किती रडलं याचा जमाखर्च गावातल्या बायका चोख ठेवतात. बिभीषणच्या नावावर तिथं काहीच जमा झालं नाही.

"अवो, योकदा तरी रडा," त्याची बायको कडूबाई म्हणाली. "लोक नावं ठेवायलेत."

"येत न्हाई," बिभीषण म्हणाला. घरात मीठ नाही हे ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात.

पाय बधिर झाल्यावर आपलाच पाय चिमटून बघावा आणि दुसऱ्याचा वाटावा, तसं त्याचं सगळंच झालं होतं. भाकर कडक की मऊ, ऊन की सावली, त्याला एकच. दुसऱ्या कॅसेटसाठी वरातीची गाणी लिहायला बसला, तर यमकं जुळत होती, पण चूल विझल्यावर तवा ठेवावा तशी. मग जे आलं ते लिहिलं:

'दावं राहिलं हातात, खुटा उभा एकला,
गाय गेली कुठं, कोनी सांगावं त्याला.'

ही गाणी चांगली की वाईट, याबद्दल त्याला काहीच वाटत नव्हतं. फक्त यांच्यावर ढोलकी घालायची नाही, एवढं त्याला पक्कं वाटत होतं. त्याच्या आत तेवढंच एक मत उरलं होतं, म्हणून तो त्याला धरून होता.

"असं कर," सुंदरराव म्हणाला. त्याला माणूस तोडायचा नव्हता आणि पैसाही बुडवायचा नव्हता. "शनिवारी चेअरमन गुरांच्या छावणीवर येनार हायेत. चार गावची मानसं तितं हायेतच. भाषन झालं की कॅसेट लावू. लोक बसून ऐकले, तर जशी हाय तशी बाजारात काढतो, शब्द माजा. उठून गेले, तर सोमवारी ऑर्गन, पॅड, ढोलकी आन् मागं 'अगं गं' करनाऱ्या दोन बाया. कबूल?"

"कबूल."

"लोक उठनार, बघ तू," असं म्हणून सुंदररावानं राखेवरचे सगळे आकडे तळहातानं पुसून टाकले.

छावणी धारूरच्या घाटाखाली, कारखान्याच्या मोकळ्या रानात होती. हिरव्या जाळीखाली गुरांच्या रांगा, रांगेशेजारी माणसांच्या बाजा, बाजेखाली भांडी. लोक तिथंच राहायचे, तिथंच भांडायचे, एक सोयरीकही तिथं जुळली होती. चाऱ्याला उसाचं वाढं मिळायचं. पाणी टँकरनं यायचं आणि पत्र्याच्या लांब डोणीत सोडलं जायचं. टँकरची वेळ तीनची होती. शनिवारी साडेचार झाले, मोहनराव चेअरमन आले, तरी टँकर आला नव्हता. कुठंतरी पंक्चर झाला म्हणत होते.

मोहनरावांनी दुष्काळावर थोडं आणि येणाऱ्या निवडणुकीवर जास्त भाषण केलं. पुढच्या बाजेवर चतुराबाई बसली होती. म्हातारीची एकच गाय, पण छावणीत तिच्या तोंडाला सगळे भिऊन. शेजारणीला ती ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "ऊस कारखान्याला, वाढं गुराला, आन् भाषन आमाला. वाटनी बराबर झाली बाई." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मोहनरावही हसले. हसण्यात ते कधी मागं राहत नसत.

मग सुंदररावानं कॅसेट लावली. चार भोंगे चारी कोपऱ्यांना होते.

पहिल्या गाण्याला लोक ढोलकीची वाट बघत बसले. कुणीतरी ओरडलं, "बिभीषण, बॅटरी उतरली का बे?" हशा झाला. दुसऱ्या गाण्याला तीन-चार जण चहाच्या टपरीकडं निघाले. सुंदररावानं बिभीषणकडं बघून ओठ मुडपले. पण बाकीचे उठले नाहीत. 'दावं राहिलं हातात' लागलं, तेव्हा एका माणसानं विडी काडीपेटीवर ठोकली ती तशीच हातात धरली. बायका बोलायच्या थांबल्या. चहाला गेलेले टपरीच्या दारात उभे राहिले. बिभीषण मांडवाच्या खांबाला टेकून हे सगळं बघत होता. आपण जिंकत आहोत हे त्याला दिसत होतं. आनंद व्हायला पाहिजे, असं त्यानं मनात म्हणूनही बघितलं.

आणि शब्द संपल्यावर शीळ आली.

शीळ त्यानं ठरवून घातली नव्हती. खोलीत गाताना शब्द संपले, पुढं काय ते कळेना, आणि ओठांनी आपल्या आपण घातली. सटवा पाणवठ्यावर घालायचा तीच. म्हणजे सगळा मुलूख घालतो तीच. खालून हळूच वर चढायची आणि वर गेली की तिथंच थरथरत राहायची. गुरं पाण्यावर नेली की ती घालतात. ऐकून जनावर मान खाली घालतं, आणि पोट भरलेलं असलं तरी आणखी दोन घोट पितं.

चार भोंग्यांतून ती सुटली तेव्हा आधी एक बैल उठला. मग रांगच्या रांग उठली. रवंथ थांबली, कान वर झाले, आणि छावणीतल्या सगळ्या माना डोणीच्या दिशेनं वळल्या. एक गाय हंबरली, मग सगळ्याच हंबरायला लागल्या. दाव्यांना हिसके बसले. भुसभुशीत मातीतले खुंटे उपसले गेले आणि बाजा उलटल्या. माणसं "हो, हो, धर, धर" करत धावली. टेपमध्ये बिभीषणची शीळ अजून वर थरथरतच होती.

"बंद करा ते!" मोहनराव मांडवातून ओरडले. तोवर जी सुटली ती गुरं डोणीशी पोचली होती. डोणीत सकाळची ओलही नव्हती. गुरं एकमेकांना ढुशा देत कोरड्या पत्र्यात तोंड घालत होती, नाक फुरफुरून बाहेर काढत होती, आणि परत घालत होती.

टेप बंद झाली. कुणाला लागलं नाही, दोन बाजा मोडल्या तेवढंच. मोहनराव जीपमध्ये बसून निघून गेले. गुरं ओरडत असताना चेअरमननं तिथं थांबू नये, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

चतुराबाईची गाय पत्रा चाटत होती. म्हातारीनं तिला ओढून बघितलं, ती हलेना. मग म्हातारी बिभीषणकडं आली.

"शीळ तूच घातलीस न्हवं?"

"हां, मावशी."

"पानी कुठाय?"

बिभीषणनं कोरड्या डोणीकडं बघितलं.

"शीळ घातली तर पानी दावावं लागतं, लेकरा," चतुराबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं. "सटवाचा ना तू? त्यानं येवढं बी शिकवलं न्हाई तुला?"

बिभीषण डोणीकडं गेला. गाईच्या गळ्याखाली हात घालून त्यानं तिचं तोंड वर केलं. तिनं त्याचा तळहात चाटला. जीभ कानशीसारखी होती, ओलावा नावाला नाही. ती परत परत चाटत राहिली, आणि त्यानं हात काढला नाही. पुष्कळ दिवसांनी त्याला काहीतरी नेमकं कळत होतं. सुख किंवा दुःख असलं काही नव्हतं ते. फक्त तळहात खरखरत होता, आणि तो त्याचाच होता.

तेवढ्यात सुंदरराव धापा टाकत आला. चेहरा लग्नघरासारखा फुलला होता.

"आरं बिभीषण! चार गावची जनावरं उठवलीस लेका! कुनाच्या कॅसेटला झालंय का असं? जशी हाय तशी काढतो. ढोलकी न्हाई, पॅड न्हाई, काय न्हाई, तू म्हनलास तसं. फकस्त योक कर, शीळ समद्या गान्यांत घाल. कव्हरवर छापू, 'ऐकून गुरं उठली!' लोक घरी नेऊन लावून बघतील, उठतात का न्हाई म्हनून. लई चालंल बे!"

"शीळ काढा," बिभीषण म्हणाला.

"क्काय?"

"शीळ काढा त्यातून."

"आरं, शीळ हाय म्हनून तर बाजारात काढायलो तशी! शीळ काढली तर मोकळं गानं इकायला मी काय खुळा हाय? मंग ऑर्गन बसवनार मी. आदीच सांगतो."

"बसवा."

"समद्या गान्यांवर?"

"समद्या."

सुंदररावानं जन्मभर माणसांच्या लोभाचा अंदाज बांधून धंदा केला होता. समोरच्याला काय पाहिजे ते कळलं की भाव ठरतो, असा त्याचा हिशेब. आता समोरच्याला पाहिजे तेच देऊ केलं तर तो नको म्हणत होता. हिशेब कुठं चुकला हे त्याला सापडेना.

"कावून बे? ढोलकी नको म्हनून माज्या डोस्क्यावर बसला व्हतास न्हवं? मिळायलंय तर आता कावून?"

"कॅसेट कुठं बी वाजंल, शेठ. जीपात वाजंल, हाटेलात वाजंल. कुनाच्या बी दावनीपुढं वाजंल." बिभीषणचा हात अजून गाईच्या तोंडापाशी होता. "दर टायमाला तितं डोन भरून कोन ठेवनार?"

"आरं, जनावरं ती! इसरून जातात."

"इसरत न्हाईत," बिभीषण म्हणाला. "आन् शीळच इसरली तर लईच वंगाळ. खऱ्या पान्यावर मंग कशानं येतील?"

सुंदररावानं मान हलवली आणि तो टेपच्या वायरी गुंडाळायला गेला. टँकर दिवस बुडता बुडता आला. पाइप डोणीत पडला, लोक गुरं सोडून आणायला लागले, आणि अंधार पडता पडता रानभर शिळा सुरू झाल्या. कुणाची जाड, कुणाची पातळ, चतुराबाईची दात नसल्यामुळं नुसती हवा. तिची गाय पीत होती. बिभीषण तिथंच उभा होता. त्यानं ओठांचा चंबू केला, पण शीळ आली नाही. मग त्यानं कडेच्या मोडक्या बाजा उचलून एका बाजूला लावल्या.

सोमवारी परळीत ऑर्गनवाला आला. अंबाजोगाईचा माणूस, हात चांगला, तोंडात पान. एकेक गाणं लावत तो वर रंग भरत गेला. ढोलकीवालाही होता, पॅडही होता. 'दावं राहिलं हातात' आता ठेक्यात गेलं, आणि खरं सांगायचं तर वाईट लागत नव्हतं. शब्द संपले तिथं ऑर्गनवाला थांबला.

"हितं लई मोकळं पडायलंय. काय व्हतं आदी?"

"कायतरी व्हतं," सुंदरराव म्हणाला आणि त्यानं बिभीषणकडं बघितलं.

"भरा तुमाला वाटंल ते," बिभीषण म्हणाला. "फकस्त खालून वर चढवू नका."

"कावून?"

बिभीषणनं तोंड उघडलं. पण ते सांगायला सटवापासून सुरुवात करावी लागली असती, आणि ऑर्गनवाल्याला दुपारच्या गाडीनं जायचं होतं.

"नकाच," तो म्हणाला.

ऑर्गनवाल्यानं दोन पट्ट्या दाबून बघितल्या. मग वरून खाली उतरणारी एक सुरावट वाजवली, लग्नात पंगती उठताना वाजवतात तसली, कुणाच्याच ध्यानात न राहणारी. "हे चालंल?"

काचेपलीकडून सुंदररावानं अंगठा वर केला. बिभीषणनं ती नीट ऐकली, पुन्हा एकदा वाजवायला सांगून ऐकली. ती ऐकून गोठ्यातलं एकही जनावर कान हलवणार नव्हतं.

"चालंल," तो म्हणाला, आणि पुढचं गाणं लावा म्हणून खूण केली.