ओढलं की सुटणारी गाठ

हिरव्या दोरीची ती गाठ टेबलावरून त्याच्याकडे पाहत होती. गाठी पाहत नसतात, बावीस वर्षं पोरांना इतिहास शिकवणाऱ्या माणसाला एवढं कळायला हवं, कळत होतंच — तरी सकाळपासून त्याने दोनदा तिच्यावर वर्तमानपत्र टाकलं होतं आणि दोनदा उचललं होतं.

गाठीखाली नव्वद पानं होती, त्याच्या विद्यार्थिनीच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण. सैन्याने घाईत उभारलेले आणि सैन्य पुढे गेल्यावर कुणाच्याच खिजगणतीत न राहिलेले पूल... ती स्वतः सात वर्षं असले पूल बांधून आली होती. मग लष्कर सोडलं, मुलीला शाळेत घातलं आणि त्याच्या हाताखाली पीएच.डी.ला नाव नोंदवलं. खुर्चीवर कधी पाठ टेकून बसायची नाही. गेल्या मंगळवारी मुलीचा डबा भरता भरता ओट्याशी कोसळली. छत्तीस वर्षांची. ताप नाही, कणकण नाही. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, डॉक्टर म्हणाले.

चार वाजता खालच्या सभागृहात शोकसभा होती आणि मार्गदर्शक म्हणून बोलायचं त्यालाच होतं. सकाळी तिच्या नवऱ्याचा फोन आला होता. गॅरेजमधला मेकॅनिक, मोजकं बोलणारा.

"सर, तिच्या तिसऱ्या प्रकरणात काय होतं ते जरा सांगाल? पोरीला ऐकायचंय. मला कुठलं सांगता येतंय त्यातलं. ती म्हणायची, एकट्या सरांनी वाचलंय ते. आवडलंय त्यांना."

"हो... सांगतो ना."

किती सहज म्हणालो मी. साखर हवी का विचारल्यावर हो म्हणावं तसं.

तिने आणून दिल्यावर गठ्ठा सहा आठवडे याच टेबलावर पडून होता. आज वाचू, उद्या वाचू म्हणता म्हणता ती एक दिवस दारात उभी राहिली, आणि त्याने दोरीखाली एक चिठ्ठी सरकवून गठ्ठा तिच्या हातात दिला. 'मांडणी चांगली. भाषा थोडी आवरा.' कुठल्याही प्रकरणाला चालणारा शेरा. आजवर निदान तीसेक जणांना त्याने तो दिला असेल आणि तीसही जण भाषा आवरायला गेले असतील. ती गेली नाही. तिने गाठीकडे पाहिलं. क्षणभरच. मग म्हणाली, "बरं सर." आणि गठ्ठा पुन्हा टेबलावर ठेवला, अगदी अलगद. "इथेच राहू दे. सवडीने बघा. घाई नाही."

त्याला वाटलं होतं, किती समजूतदार मुलगी! आपण सुटलो म्हणून त्याने चहासुद्धा मागवला होता, दोघांसाठी. चहा पिता पिता तिने त्याला ती गाठ समजावून सांगितली होती — आमच्या तुकडीची आहे सर, बाहेरच्या कुणाला बांधता येत नाही, पण सोडायला एकदम सोपी, हे टोक ओढलं की सुटली, पाण्यात उभं राहून नखं लावत कोण बसणार? ती हसली होती. तोही हसला होता. बाहेरच्या कुणाला बांधता येत नाही... हे वाक्य तिने कशासाठी उच्चारलं, ते कळायला त्याला तीन महिने आणि तिचं मरण लागलं. बैल, निव्वळ बैल. आणि वर तिने घरी जाऊन सांगितलं, सरांना आवडलं म्हणून. त्याची अब्रू तिने पोटच्या पोरीसमोर झाकली होती.

दोन वाजले. अजून वेळ होता. टोक ओढायचं, भराभर पानं चाळायची, चार वाक्यं टिपायची, त्याचा हात तयार होता या कामाला, सभेत कुणाला शंकासुद्धा येणार नाही. त्याने टोक चिमटीत धरलंही. पण ओढलं की त्याने काही वाचलं नव्हतं याच्या साक्षीला कुणीच उरणार नव्हतं, आणि आपल्याला नेमकं तेच हवं आहे हे ध्यानात येऊन त्याचे कान तापले. चिमटी सुटेना, ओढवेना. अर्धा तास गेला असेल, किंवा जास्तच.

"सर, लवकरच आलो आम्ही," दारातून नवरा म्हणाला. "खाली खुर्च्या मांडतायत, मी लावतो हात. ही बसू दे इथं?"

आठ वर्षांची मुलगी आत आली. शाळेचेच बूट, नीट पुसलेले. ती खुर्चीच्या कडेवर बसली, पाठ न टेकता, आणि तिला टेबलावरचा गठ्ठा दिसला.

"आईची गाठ," ती म्हणाली. मग त्याच्या बोटांकडे पाहून, "तुम्हाला पण बांधता येते? आई म्हणायची, कुणाला येत नाही."

हो म्हटलं की संपलं असतं. आईने शिकवली म्हणायचं, मुलगी खूशही झाली असती. आयतं खोटं जिभेवर येऊन बसलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "मी ती... सोडलीच नाही अजून."

आता रडेल, बापाला हाक मारेल, निदान 'का' तरी विचारेल — त्याने अंग चोरलं. विचारावंच तिने, असंही त्याला आतून वाटत होतं. तिने गाठीकडे पाहिलं. क्षणभरच.

"बरं," ती म्हणाली.

खाली खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. खरं बोललं की मोकळं वाटतं म्हणतात, म्हणून तो वाट पाहत राहिला. पण आत काहीच मोकळं होत नव्हतं, आणि मुलगी घाई नसल्यासारखी, ताठ बसून होती.