साक्ष अपूर्ण

सुनावणीच्या दालनात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी अशा सुनावणीकडे कुत्रंही फिरकत नाही. निवृत्त कामगारांच्या आरोग्याच्या नियमातलं एक कलम बदलायचं, म्हणजे समितीचे पाच सदस्य, दोन वकील आणि पंख्याखाली डुलकी काढायला आलेले चार म्हातारे, एवढाच काय तो दरबार. पण त्या दिवशी खिडक्यांच्या कठड्यांवरसुद्धा माणसं बसली होती आणि सगळे एका रिकाम्या खुर्चीकडे टक लावून बघत होते.

ती साक्षीदाराची खुर्ची. तिच्यासमोरच्या सात नंबरच्या माइकचा लाल दिवा कुणी हात न लावता लागला. मग भिंतीवरच्या स्पीकरमधून खोकला आला. कोरडा, खोल, थांबून थांबून येणारा. फरशीच्या कारखान्यात दगडाची भुकटी गिळून निवृत्त झालेल्यांच्या घरात पोरंसोरंही हा खोकला ओळखतात. दालनातल्या बायांनी पदर तोंडाला लावले.

"आले," श्वासगुरू डोळे मिटून म्हणाले. "अहो, आत्मा म्हणजे काय? अडकलेला श्वास. आणि श्वास म्हणजे काय? मोकळा झालेला आत्मा. विज्ञानाला हे कळायला अजून दोनशे वर्षं लागतील. तोवर आपण काय गुदमरत बसायचं?"

आता यात नेमकं काय सांगितलं, हे कुणी विचारू नये. कुणी विचारलंही नाही. गुरूंची संस्था रीतसर अर्ज करून आली होती. कारखान्यांनी निवृत्तांना जन्मभर छातीची तपासणी आणि प्राणवायूचं यंत्र पुरवावं, हा नियम रद्द व्हावा आणि छातीच्या दवाखान्याच्या जागी गुरूंचं श्वासकेंद्र यावं, अशी तिची मागणी होती. कारखानदारांना तर ही मागणी इतकी आवडली, की त्यांचा वकील दिवसभर तोंड न उघडता नुसता हसत बसला होता. आणि साक्षीला गुरूंनी खुद्द मेलेलेच आणले होते.

गुरूंनी आवाज बदलला. "एकतीस वर्षांपूर्वी याच खुर्चीत बसून मी म्हणालो होतो, 'माझा श्वास माझ्यापाशी राहू द्या. बाकी सगळं तुम्ही ठेवा.' माझं ऐकलं नाहीत. यंत्रं आणलीत, नळ्या लावल्यात. आता तरी माझ्या लेकरांच्या नाकातल्या नळ्या काढा!"

व्यासपीठाखालच्या छोट्या टेबलाशी पेन्सिलीचं टोक मोडलं.

तिथे लघुलेखिका बसली होती. कचेरीत तिला सगळे पेन्सिलबाई म्हणत. दालनात जो शब्द उमटेल तो उतरवायचा आणि स्वतः चकार शब्द काढायचा नाही, हे काम तिने तेहेतीस वर्षं केलं होतं. निवृत्तीला दोन महिने उरले होते. आणि एकतीस वर्षांपूर्वी त्या खुर्चीत बसलेला माणूस तिचा बाप होता.

शेजारी बसलेल्या तरुण लघुलेखिकेने मुकाट्याने आपली पेन्सिल पुढे केली. दर दहा मिनिटांनी आळीपाळीने लिहायचं, अशी त्यांची रीत. पेन्सिलबाईने नकारार्थी मान हलवली, दुसरी पेन्सिल उचलली आणि स्वतःच लिहीत राहिली. तो खोकला तिने एकतीस वर्षं ऐकला होता. दालन रिकामं झाल्यावर, वह्या गोळा करताना, जिन्यात. पण तो इतरांनाही ऐकू येतोय, असं पहिल्यांदाच घडत होतं.

संध्याकाळी ती घरी आली, तर घर चिडीचूप होतं. प्राणवायूच्या यंत्राची घरघर बंद होती. तिच्या भावाने, दादाने, नळी गुंडाळून यंत्रावर नीट ठेवली होती. तोही त्याच कारखान्यातून निवृत्त झालेला, तोही तीच भुकटी खाल्लेला.

"दादा, यंत्र का बंद केलंस?"

"ऐकलंस ना तू? तू तर... समोरच होतीस." दादाला एक वाक्य बोलायला दोन श्वास लागत होते. "अण्णा आले होते, चिमणे."

"गुरू बोलत होता, दादा."

"तोंड त्याचं असेल. शब्द अण्णांचे." त्याने पाकिटातून एक पिवळा कागद काढला. ज्या सुनावणीनंतर हा नियम झाला, तिच्या छापील अहवालातलं कापलेलं पान. घड्यांवर ते फाटायला आलं होतं. अण्णांनी साक्ष दिली त्या दिवशी दादा पाळीवर होता. बापाचे शेवटचे शहाणे शब्द त्याला मिळाले ते या पानावर. महिन्याभरात अण्णा गेले. "परवा शेवटची सुनावणी. मी यंत्र परत करतोय, सगळ्यांसमोर. तिघं-चौघं तयार आहेत. गुरुजी म्हणतात, पहिला मान... माझा."

"अरे, चार दिवस तरी काढशील का तू त्याच्याशिवाय?"

"अण्णांनी एवढंच तर मागितलं होतं."

पेन्सिलबाईने पुढे होऊन यंत्र सुरू केलं. दादाने हात लांब करून बंद केलं. दोघांनी तीनदा हाच खेळ केला, मग तिने त्याच्या पायाशी बसून रडून घेतलं. तेव्हा कुठे त्याने नळी लावली, तीही फक्त परवापर्यंत, अशा बोलीवर.

तिला एक गोष्ट सांगायची होती आणि सांगता येत नव्हती. त्या पानावरचं वाक्य अण्णांचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुनावणीला सुट्टी होती. ती सकाळीच कागदपत्रांच्या खोलीत गेली. सुनावण्यांचे जुने अहवाल तिथे कुणालाही वाचता येतात, फक्त नोंदवहीत सही करावी लागते. तिने पानं उलटली. गुरूंचा शिष्य, सुनावणीत जाड शाल पांघरून टेबलाशी बसणारा, सलग अकरा दिवस येऊन गेला होता. त्याने मागितलेल्या अहवालांचे क्रमांक तिने कागदावर उतरवले. आदल्या दिवशी जे सहा मेलेले बोलून गेले, त्या सहाही जणांच्या साक्षी त्या अहवालांत होत्या. ज्यांनी जन्मात कधी साक्ष दिली नाही, असा एकही आत्मा गुरूंकडे आला नव्हता. परलोकातही कागदपत्र पूर्ण असल्याशिवाय प्रवेश नसावा.

तिथून ती वायरमनकडे गेली. तो जिन्याखालच्या खोलीत डबा खात होता.

"सात नंबर आपोआप कसा लागतो हो?"

"आपोआप काही लागत नसतं बाई. घरातला दिवा आपोआप लागतो का?" तो घास गिळून म्हणाला. "टेबल दुरुस्त केलं तेव्हा तार कमी पडली. सात आणि अकरा एकाच तारेवर टाकलेत. अकराचं बटण दाबलं, की सातचाही दिवा लागतो. मी लेखी कळवलंय दोनदा. ऐकतो कोण?"

"अकराला कोण बसतं?"

"कोण म्हणजे? तो शालवाला."

तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. चला, दिव्याचं कोडं सुटलं, शालीआडच्या खोकल्याचंही सुटलं. आता त्या वाक्याबद्दल आपल्याला काही बोलायला नको, असं तिला वाटलं. तरीही परत जाताना तिने जुन्या वह्यांच्या कपाटातून एक वही काढून पिशवीत टाकली. का काढली, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

शेवटच्या सुनावणीला गर्दी रस्त्यापर्यंत गेली होती. दादा पहिल्या रांगेत बसला होता. यंत्र मांडीवर, नळी गुंडाळलेली, ओठ निळसर. पलीकडे आणखी तिघं, तसेच. गुरूंनी हात वर केला. सातचा दिवा लागला, खोकला आला, आणि दादा यंत्र घेऊन उठायला लागला.

पेन्सिलबाईने पेन्सिल खाली ठेवली.

त्या दालनाचा एक कायदा आहे. लेखणी थांबली की सुनावणी थांबते. जे लिहिलं गेलं नाही, ते झालंच नाही. तरुण लघुलेखिकेने घाईने आपली पेन्सिल उचलली, तर पेन्सिलबाईने तिच्या हातावर हात ठेवला. अध्यक्षबाई चष्म्यावरून बघू लागल्या.

"काय झालं? बरं नाही का?"

"बरी आहे, बाई. मला एक विनंती करायची आहे." तेहेतीस वर्षांत त्या दालनाने तिचा आवाज ऐकला नव्हता. तो तिचा तिलाच परका वाटला. "अकरा नंबरवरच्या भाऊंनी दोन्ही हात टेबलावर ठेवावेत. शालीच्या बाहेर. मग गुरुजींनी पुन्हा बोलवावं."

शिष्य गुरूंकडे बघू लागला. दाराशी उभा असलेला वायरमन म्हणाला, "ठेवा की. हात का सोन्याचे आहेत?"

हात टेबलावर आले. गुरूंनी बोलावलं. आर्जवाने बोलावलं, रागावून बोलावलं. सातचा दिवा विझलेला तो विझलेलाच. मग वायरमनने पुढे होऊन अकराचं बटण दाबलं. सात लखकन पेटला. त्याने माइकवर रुमाल धरून खोकून दाखवलं. सगळ्या दालनात मेलेला माणूस खोकला.

कुणीतरी हसलं. गुरू मात्र कसलेला गडी. "अविश्वासाच्या हवेत आत्मा रुसतो," ते म्हणाले. "शिष्याने भक्तीपोटी आगाऊपणा केला असेल, त्याला मी शिक्षा करीन. पण शब्द? शब्द कुठून आले?"

आणि पहिल्या रांगेतून दादाच ओरडला, "बरोबर आहे! दिवा गेला खड्ड्यात. वाक्य अण्णांचंच होतं. अक्षर न् अक्षर!" त्याने पिवळं पान वर धरलं. माना डोलू लागल्या. दिवा खोटा निघाला, तरी माणसांचं काही बिघडलं नव्हतं. त्यांना दिवा नकोच होता, त्यांना त्यांची माणसं हवी होती.

पेन्सिलबाईला वाटलं, आपण खाली बसावं. दोनच महिने राहिलेत. मग तिने दादाचे निळे ओठ पाहिले.

"गुरुजी, हे वाक्य माझ्या वडिलांनी या खुर्चीत म्हटलं?"

"म्हटलं! अजून माझ्या कानात घुमतंय."

"त्यांनी नाही म्हटलं. मी लिहिलं."

दालनात कुजबुज उठली आणि थांबली.

"अण्णा तीन वाक्यं बोलले. नाव, कारखाना, किती वर्षं काम केलं ते. मग खोकला सुरू झाला. थांबेचना. हाताने 'नाही, नाही' करत ते खाली उतरले. मी लिहायला हवं होतं, 'खोकला. साक्ष अपूर्ण.' मी नोकरीत दोनच वर्षं झालेली पोर. माझा बाप एवढा जीव गोळा करून आला आणि कागदावर नुसता खोकला म्हणून राहिला, हे मला सोसवेना. टंकलेखनाला बसले तेव्हा ते वाक्य मी घातलं. त्या दिवसापासून मला झोप नाही." तिने पिशवीतून वही काढली आणि तरुण लघुलेखिकेसमोर ठेवली. "ही त्या दिवसाची मूळ टिपणं. मी नको, ही वाचेल."

पोरीने खुणांच्या ओळीवरून बोट फिरवलं. "नाव... कारखाना... सव्वीस वर्षं." बोट थांबलं. "खोकला. पुढे काही नाही, बाई. कोरं आहे."

"गुरुजींना आत्मा भेटला असता," पेन्सिलबाई म्हणाली, "तर त्याने सांगितलं असतं, की हे माझं नाही. माझ्या पोरीने माझ्या तोंडात घातलंय. यांना माझा बाप भेटला नाही. यांना माझं खोटं भेटलं."

कारखानदारांचा वकील टुणकन उठला. "म्हणजे नियमच खोट्या साक्षीवर उभा आहे!"

"नाही साहेब. त्याच अहवालात पुढे एकशे बेचाळीस छातींचे एक्स-रे आहेत. वाक्य माझं, पण ते फोटो कुणी लिहिलेले नाहीत. वाक्य खोडा आणि फोटो बघा."

अध्यक्षबाईंनी सुनावणी तहकूब केली. गुरू कधी सटकले, हे कुणी पाहिलं नाही. शिष्य शाल तिथेच टाकून गेला. पुढे समितीने नियम कायम ठेवला, आणि त्याच आठवड्यात पेन्सिलबाईला चौकशीची नोटीस आली. तीही बरोबरच होती.

त्या दिवशी दालन रिकामं झालं. दादा हलला नव्हता. तिने त्याच्याजवळ बसून नळी उलगडली, त्याच्या कानांमागून नेली, यंत्र सुरू केलं. घरघर सुरू झाली.

"पण चिमणे, अण्णांना तेच म्हणायचं असणार ना? तुला ठाऊक होतं म्हणूनच तू लिहिलंस."

हो म्हणणं किती सोपं होतं. एकतीस वर्षं ती स्वतःला तेच सांगत आली होती.

"नाही, दादा. मला ठाऊक नव्हतं. ते काय बोलणार होते, हे कुणालाच ठाऊक नाही. मलाही नाही, गुरूलाही नाही. आणि आता कधीच कळणार नाही."

दादाने पिवळ्या पानाची घडी केली, पुन्हा उलगडली. मग तो रडला. नळी नाकात असल्यामुळे त्याला नीट रडता आलं.

आपलं माणूस जातं आणि त्याचं बोलणं अर्धं राहतं. ती रिकामी जागा आपल्याला बघवत नाही. ती भरून देणारा कुणीही चालतो, गुरू असो की आपणच असू. म्हणून अशा वेळी एवढंच विचारावं: हे कुणी ऐकलं, कुठे लिहिलंय, आणि लिहिणाऱ्याचा त्यात जीव किती गुंतला होता? मेलेल्यांना काही विचारता येत नाही. जिवंतांच्या छातीचा फोटो मात्र काढता येतो.

घरी निघण्याआधी पेन्सिलबाईने कागदपत्रांच्या खोलीतून तो जुना अहवाल मागवला, नोंदवहीत सही केली आणि अध्यक्षबाईंच्या समक्ष ते वाक्य एका आडव्या रेघेने खोडलं. समासात तारीख घातली आणि त्याखाली लिहिलं: खोकला. साक्ष अपूर्ण.