अंबूबाईंची मिशी

मी एक जुनी मिशी आहे. खोटी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी रुसायला नको. लालासाब नावाच्या रंगभूषाकारांनी जाळीच्या पट्टीवर एकेक केस गाठ मारून मला घडवलं. नऊ दिवस लागले. अंबूबाईंच्या हातात देताना ते म्हणाले, "पोरी, ही लावलीस की हसायचं न्हाई. हसलीस की कड सुटती."

अंबूबाई माझ्या मालकीण. त्यांचे वडील बाळासो पैलवान. तालमीत पोरींना मज्जाव, म्हणून लहानपणी त्या दाराबाहेर बसून पैलवानांची चाल बघायच्या. खांदा कसा, पाऊल कसं, सगळं तिथंच शिकल्या. पुढे बायकांच्या नाटक मंडळीत त्या पाटलाचं काम करू लागल्या. जयसिंगपुरात माझ्या एका पिळावर पुढच्या रांगेतली पोरं आईच्या पदराआड गेली होती! मित्रांनो, तो माझा खरा काळ.

मग मंडळी मोडली. सिनेमात आणि मालिकांत अंबूबाईंना रडक्या आयाच मिळाल्या. सतरा वर्षं त्या रडल्या. मी नाही रडले. पानाच्या डबीत पडून राहिले, डावीकडचे केस तेवढे झडले.

यंदा कोल्हापुरात एका मालिकेचं चित्रीकरण सुरू झालं. त्यात पाटलाचं काम होतं. अंबूबाईंनी ते मागितलं, तर पुण्याहून आलेला दिग्दर्शक उन्मेष हसला. "ताई, तुम्ही आजी करा. बाई पाटील झाली तर विनोदी वाटेल."

"बाप्या साडी नेसून नाचला की हसता. हसा की!" अंबूबाई म्हणाल्या. "मी मिशी लावती ती भ्या दाखवायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धोतर नेसलं, फेटा बांधला. माझ्या झडलेल्या जागी काजळाची रेघ ओढली आणि आरशात मला दम दिला, "आज जमलं न्हाई, तर तुला बंबात घालती बघ."

मिशीला काळीज नसतं म्हणतात. माझं धडधडत होतं.

अंबूबाई थेट कॅमेऱ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो आजोबा, बाजूला व्हा ना," उन्मेष ओरडला.

त्या हलल्या नाहीत. माझं टोक पिळलं आणि नुसतं त्याच्याकडे बघितलं. उन्मेष खुर्चीवरून उठलाच. "सॉरी, आजोबा. बसा ना तुम्ही."

"बसायला न्हाई आलो, पावणं. कामाला आलोय."

त्यानं आवाज ओळखला. मग हळूच म्हणाला, "ताई?... काम तुमचं. पण मिशी नवी मागवू. हिला टक्कल पडलंय."

"पाटलाला टक्कल पडत न्हाई व्हय? हीच ऱ्हाणार!" असं म्हणून अंबूबाई खदखदून हसल्या, आणि माझी कड सुटली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा म्हणजे डबीत कोंडून ठेवा, असं नव्हे. मला स्पिरिटनं पुसा, हलक्या हातानं विंचरा आणि कामाला लावा. सुटलेली कड परत चिकटते. आत्ता जरा गोंद आणा. पाटील खोळंबलेत.