वायफायमधले आबा

दुपारचे चार वाजायला आले होते आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या बैठकीच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. सोफ्यावर सहा जण, सोफ्याच्या हातांवर दोघं, बाकीचे भिंतीला चिकटलेले, आणि ज्यांना आत घुसता आलं नाही ते जिन्यात टाचा उंचावून उभे. सगळ्यांचे डोळे कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर. पडद्यावर होतं तरी काय? आसपासच्या वायफायची नावं. सगळ्यात वर या घराचं ‘घर’, खाली समोरच्या शिंप्याचं, त्याखाली दातांच्या डॉक्टरांचं आणि शेवटी पाचव्या मजल्यावरच्या कुणा खट्याळाचं ‘फुकट मिळणार नाही’. एरवी या चार ओळी बघायला कुत्रंही फिरकलं नसतं.

आत्मे बोलावणाऱ्या तरंगबुवांनी मांडीवरचा तांब्याचा डबा खाली ठेवला. त्यात काठोकाठ मीठ होतं, आणि झाकण असं घट्ट की उघडताना बुवांनाही दात आवळावे लागले.

“मीठ खोटं बोलत नाही,” बुवा म्हणाले. “या घराच्या लहरींत जो आत्मा अडकलाय, तो स्वतःच आपलं नाव सांगेल. हा माझा फोन. बंद करून मालकीणबाईंच्या हातात देतो. उद्या कुणी म्हणायला नको, बुवानं हातचलाखी केली!”

बुवांनी डोळे मिटले. आणि पडद्यावरच्या यादीत, शिंप्याच्या वर, पाचवी ओळ उमटली.

‘आबा’.

जिन्यातली एक बाई किंचाळली. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. स्वयंपाकघराच्या दारात आठ महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन उभ्या असलेल्या सूनबाईनं बाळाला घट्ट धरलं. आबा म्हणजे तिचे सासरे. त्यांना जाऊन तीन महिने झाले होते.

नेमकं तेव्हाच बाळ भुकेनं रडायला लागलं. सूनबाई आत गेली, बाटलीसाठी पाणी तापवायला ठेवलं, आणि बाहेरून एकच गलका उठला. कॉम्प्युटरचं वायफाय तुटलं होतं.

“बघितलंत?” बुवा गरजले. “कोण आत गेलं? कोण आत गेलं की आबा दार लावून घेतात?”

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. सासूबाईंनी आधीच घरोघरी सांगून ठेवलं होतं.

आता थोडं मागचं सांगायला हवं. हा कॉम्प्युटर आबांचा. नवी प्रणाली बसवायची का, असं तो रोज सकाळी विचारायचा आणि आबा रोज सकाळी ‘नंतर’ दाबायचे. तीन वर्षं हा नेम चुकला नाही. ते गेल्यावर तोच प्रश्न सासूबाईंसमोर आला. इतक्या अदबीनं विचारणाऱ्या यंत्राला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं आणि त्यांनी ‘हो’ दाबलं. दीड तास पडदा गरगरत राहिला. मग सगळं नवं कोरं दिसू लागलं आणि दुसऱ्याच दिवशी भानगड सुरू झाली. मुलगा बोटीवर नोकरीला, रोज चार वाजता पडद्यावर यायचा. सासूबाईंचे डोळे अधू, त्यांना मुलगा मोठ्ठा दिसायला हवा, फोनवरचा बोटभर मुलगा त्यांना चालत नसे. आणि नेमकी चार वाजता सूनबाई बाळासाठी काही तापवायला आत गेली की पडद्यावर नवरा अर्ध्या शब्दावर थिजायचा. ती बाहेर आली की पुन्हा हलू लागायचा. एकदा झालं, दहादा झालं. सासूबाई आत गेल्या तर मात्र काही व्हायचं नाही. शेवटी सासूबाईंनी बुवांना बोलावणं धाडलं.

सूनबाईला याची भीती वाटत होती आणि त्या भीतीला एक कारण होतं, जे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आबा गेले त्या दुपारी त्यांच्या उशाशी तीच होती. त्यांचं दूध गरम करायला ती स्वयंपाकघरात गेली. दोन मिनिटं, फार तर अडीच. पेला घेऊन परत आली तेव्हा आबा नव्हते. त्यांनी हाक मारली असेल का? पाणी मागितलं असेल का? हा प्रश्न तिला रोज टोचायचा. आणि आता आबाच पडद्यावर येऊन सांगत होते, तू आत गेलीस, तू आत गेलीस.

बुवांनी निकाल दिला. सुनेनं चाळीस दिवस हे घर सोडायचं. मूल इथंच राहील, कारण ते आबांचं रक्त. बाधित कॉम्प्युटर शुद्धीसाठी बुवा आपल्या मठात नेतील. परवा पुन्हा बैठक, तेव्हा आबा स्वतः आपली इच्छा सांगतील.

नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, “आई एवढं म्हणतेय तर राहा ना चाळीस दिवस माहेरी. तिच्या मनाची शांती.”

“आणि बाळ? ते बाटली घेतं, पण अजून अंगावरही पितं.”

“आई बघेल गं.”

तिनं फोन ठेवला, बॅग काढली, आणि बॅगेत काय भरायचं हेच तिला सुचेना.

दुसऱ्या दिवशी सासूबाई दवाखान्यात रक्तदाब दाखवायला गेल्या तेव्हा खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई वर आल्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण शाळेतली विज्ञान शिकवायची खोड गेली नव्हती. काल त्यांना जिन्यातच उभं राहावं लागलं, त्याचाही राग होता.

“मला एक सांग पोरी,” त्या बसल्या बसल्या म्हणाल्या, “तू आत गेल्यावर तुझ्या फोनचं वायफाय जातं?”

सूनबाईनं आठवून पाहिलं. “नाही.”

“म्हणजे आबा कॉम्प्युटरवर रागावलेत, फोनवर नाही. फोनशी त्यांचं बरं होतं वाटतं?”

“बाई, थट्टा नका करू. मला खरंच भीती वाटते.”

“वाटू दे. भीत भीत जा, पण आत जा. मी पडद्यासमोर बसते. काय करतेस ते तिथून ओरडून सांगायचं.”

सूनबाई स्वयंपाकघराच्या मध्यभागी जाऊन उभी राहिली. “नुसती उभी आहे!”

“चालू आहे!”

“भांडी घासतेय!”

“चालू!”

“गॅस पेटवला!”

“चालूच आहे गं बाई!”

मग ती मायक्रोवेव्हपाशी आली. बाळाचं पाणी ती यातच तापवायची, आणि आबांचं दूधही यातच. सासूबाईंचा या पेटीवर विश्वास नव्हता, विस्तवाशिवाय शिजतं ते अन्नच नव्हे असं त्यांचं मत, त्यामुळे त्या तिला हात लावत नसत. सूनबाईनं बोट बटणावर टेकवलं. तिनं डोळे मिटून बटण दाबलं.

“गेलं!” बाहेरून आरोळी आली. लगेच मास्तरीणबाई स्वतःच आत आल्या. “आता तू बाहेर बस. मी दाबते.”

पुन्हा गेलं.

“घ्या! म्हणजे आबा माझ्यावरही रागावले. जिन्यात भेटले की मी मान हलवायची, तेवढीच आमची ओळख.”

सूनबाईला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडूही. मास्तरीणबाईंनी तिला कागदावर भिंत काढून दाखवली. या बाजूला पेटी, त्या बाजूला कॉम्प्युटर, मधे चार इंचांची वीट. पेटी अन्न तापवते ती लहरींनीच. त्यातल्या किंचित बाहेर झिरपतात, माणसाला त्यांचा त्रास नाही, पण कॉम्प्युटरचं ‘घर’ नेमकं त्याच पट्टीत बोलतं. कानाशी ताशा वाजत असताना कुजबुज कशी ऐकू यावी?

“पण आबा असताना कधी असं झालं नाही.”

“कारण तुमच्या घरातलं वायफाय दोन पट्ट्यांत बोलतं. एक ‘घर’, दुसरं ‘घर-५’. तुझा फोन ‘घर-५’वर आहे, आबांचा कॉम्प्युटरही त्यावरच असायचा. नव्या प्रणालीनं वायफायचा जुना ड्रायव्हर, म्हणजे वायफाय चालवणारा प्रोग्राम, काढला आणि आपला कामचलाऊ बसवला. त्याला ‘घर-५’ दिसतच नाही. कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर खरा ड्रायव्हर असेल. चल, उतरवून घेऊ.”

वीस मिनिटांत तो बसला. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, तेव्हा यादीत ‘घर-५’ हजर होतं. मास्तरीणबाईंनी मुद्दाम ते जोडलं नाही.

“आत्ता दुरुस्त केलं तर बुवा म्हणेल, माझ्या मिठानं आबा शांत झाले. उद्या सगळ्यांसमोर.”

“आणि ते नाव? ‘आबा’ कुठून आलं?”

“ते अजून मला ठाऊक नाही,” मास्तरीणबाईंनी सरळ सांगून टाकलं. “पण ठाऊक नाही म्हणजे भूत आहे, असं होत नाही.”

तेवढ्यानं सूनबाईची भीती काही गेली नाही. पेटीचं कोडं सुटलं, पण नाव तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. रात्रभर तिनं बाळाला छातीपासून दूर केलं नाही.

दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट. बॅग दाराशी भरून ठेवलेली. बुवांनी डबा उघडला, डोळे मिटले, आणि थोड्याच वेळात यादीत नवी ओळ आली.

‘सुनेला पाठवा’.

सासूबाई उठल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. “दे त्याला माझ्याकडे. ऐकलंस ना आता? दे.”

सूनबाई एक पाऊल मागे सरली. बाळानं तिचा गळा घट्ट धरला होता.

“एक मिनिट,” मास्तरीणबाई म्हणाल्या. आज त्या सकाळपासूनच पुढची जागा धरून बसल्या होत्या. त्यांनी आपला फोन वर केला. “हे नाव माझ्या फोनवरही दिसतंय. शेजारी ताकदीच्या रेघा असतात. नाव सोडणारी वस्तू जितकी जवळ, तितक्या रेघा भरतात. आबा कॉम्प्युटरमध्ये आहेत म्हणता? बघू या.”

त्या कॉम्प्युटरजवळ गेल्या. दोन रेघा. खिडकीजवळ, एक. आबांच्या खुर्चीजवळ, पुन्हा एक. लोक माना वळवून वळवून बघू लागले. त्या बुवांकडे सरकल्या. तीन. डब्यावर फोन धरला आणि सगळ्या रेघा भरल्या.

“आबा मिठात आहेत,” त्या म्हणाल्या.

बुवांनी झटकन झाकण घट्ट दाबलं. काही क्षणांत ती ओळ यादीतून नाहीशी झाली.

“झाकण लावलं की आत्मा गायब! पत्र्यातून लहरी जात नाहीत, हे आत्म्यालाही ठाऊक दिसतं. उघडा बुवा.”

“खबरदार!” बुवांचा आवाज चढला. “या मिठात जो हात घालील, त्याच्या घरातलं लहान मूल महिना बघणार नाही!”

भिंतीला टेकलेले लोक आणखी मागे सरकले. मास्तरीणबाई हात पुढे करणार, तोच सूनबाई म्हणाली, “थांबा बाई. तुमच्या घरात मूल नाही. म्हणतील, म्हणून काही झालं नाही.”

तिनं बाळ मास्तरीणबाईंच्या हातात दिलं. ती खाली बसली, झाकण ओढून काढलं आणि मनगटापर्यंत हात मिठात खुपसला. तिला काहीतरी कोमट लागलं. मेलेलं माणूस कोमट नसतं, हा विचार तिच्या मनात आला आणि तिनं मूठ वळून ते वर काढलं.

प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला फोन. चालू. स्वतःचं वायफाय सोडत असलेला, आणि त्या वायफायला बुवांनी हवं ते नाव दिलेलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्याचं नाव पुन्हा झळकलं होतं, आणि ते ‘सुनेला पाठवा’ तिच्याच हातात होतं.

मग काय विचारता! परवा किंचाळलेली बाईच आता बुवांचं धोतर धरून उभी राहिली. तिच्या भावाचा कॉम्प्युटर शुद्धीला मठात गेला होता तो पाच महिने परतला नव्हता. गर्दीतले दोघं बुवांना घेऊन पोलीस चौकीकडे निघाले.

उरलेल्यांना मास्तरीणबाईंनी सोडलं नाही. सासूबाईंना स्वयंपाकघरात नेऊन त्यांच्याच बोटानं पेटीचं बटण दाबवलं. वायफाय गेलं. मग कॉम्प्युटर ‘घर-५’वर जोडला आणि पुन्हा दाबवलं. पेटी घूं घूं करत राहिली, वायफाय जागचं हललं नाही.

“चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाला होतात,” त्या जमलेल्यांना म्हणाल्या. “यंत्र बिघडलं तर आधी काय बदललं ते विचारा. एकेक गोष्ट करून बघा. दुसऱ्यानं केल्यावरही तसंच होतं का ते बघा. एवढं करायला शाळा शिकावी लागत नाही. आणि कुणी म्हणालं की अमक्या बाईमुळे झालं, तर त्याला म्हणा, दाखव.”

लोक खाली माना घालून पांगले. घरात तिघी आणि बाळ उरलं. सासूबाई सोफ्याच्या कडेवर बसल्या होत्या. त्या भिंतीकडे बघत बोलल्या.

“त्या दिवशी तू आपण होऊन उठली नव्हतीस. मीच म्हटलं होतं तुला, जा, त्यांचं दूध गरम करून आण. तू गेलीस आणि मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसले. तिथून मला ते दिसत होते. मी वर पाहिलंच नाही. दोष तुझ्यावर गेला नसता, तर माझ्यावर आला असता.”

सूनबाईला संताप आला. तीन महिने जे तिला एकटीला जाळत होतं, त्यातलं अर्धं या बाईनं दाबून ठेवलं होतं आणि वर तिचं मूल मागितलं होतं.

“मला तुमचा राग आलाय, आई. तो एवढ्यात जाणार नाही. पण त्यांनी आपल्याला हाक मारली का, हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही. ज्यांना माहीत असेल त्यांना आपण विचारलंच नाही.”

तिनं आबांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि आवाज मोठा करून दोघींच्या मधे ठेवला. डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “त्यांचं हृदय झोपेतच थांबलं. हाक मारायला जागच आली नसणार. तुम्ही हात धरून बसला असतात तरी त्या खोलीत आम्हालाही काही करता आलं नसतं. हे मी तेव्हाच सांगितलं असतं, पण तुम्ही कुणी विचारलं नाहीत.”

फोन बंद झाला. सासूबाई पदरात तोंड घालून रडत होत्या. ज्या प्रश्नापायी एक बाई आपल्या लेकराला मुकणार होती, त्याचं उत्तर मिळायला चार मिनिटंही लागली नाहीत. भीती कुणालाही वाटते, त्यात लाज नाही. पण भीती वाटली की बुवाला बोलावण्याआधी, जाणकाराला एकदा विचारा. सूनबाईनं मास्तरीणबाईंच्या हातून बाळ घेतलं, दाराशी ठेवलेली बॅग उचलली आणि कपडे परत कपाटात लावायला ती आत गेली.