रोसाच्या आईची साल्सा

चित्रलेखाने मक्याच्या पिठाचा गोळा प्रेसमध्ये ठेवून दांडा दाबला, तेवढ्यात काउंटरपलीकडून अवधूतने विचारलं,

"लेखाताई, आता इथे मेक्सिकन असं कोणीच नाही ना? मग टाको ऑथेंटिक राहिला का? नो ऑफेन्स हं, आपलं सहज."

"राहिला असेल," ती म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली.

अवधूत इथल्याच क्रेगीबर्न उपनगरातला. शनिवारी मुलीची नेटबॉलची मॅच झाली की यायचा. मनाने वाईट नव्हता. सुपरमार्केटमधले पिवळे कडक शेल म्हणजे टाको नव्हेत, हे त्याला रोसानेच याच काउंटरवर ऐकवलं होतं. मकाच हवा, चीजचा डोंगर नको, आणि साल्सा, म्हणजे त्यांची चटणी, अशी हवी की खाणाऱ्याला आपली आई आठवली पाहिजे.

रोसा एप्रिलमध्ये गेली. सकाळी कांदा चिरताना डोकं दुखतंय म्हणाली आणि संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये सगळं संपलं. दोघींनी मिळून थाटलेल्या दुकानात चित्रलेखा एकटी उरली. ती रडली नाही. पीठ मळायची, मांस शिजत ठेवायची, कोणी बोललं तर उत्तर द्यायची. "थोडे दिवस बंद ठेवतेस का?" असं नवरा, निनाद, विचारायचा. "कशाला?" म्हणायची. भूल दिलेल्या हिरडीला दाबून बघावं तसं ती कधीकधी रोसाचं नाव मनात घेऊन बघे. काही व्हायचं नाही.

आज रोसाची आई येणार होती, मेक्सिकोतल्या पुएब्लाहून. व्हिसाच्या भानगडीत तिला अंत्यविधीला पोचता आलं नव्हतं. रोसाचा भाऊ मातेओ फोनवर सरळच बोलला होता. दुकानाच्या पाटीवर बहिणीचं नाव राहू द्यायचं की नाही, ते आई इथलं खाऊन ठरवेल.

गर्दी ओसरल्यावर मायलेक आले. रोसाची आई, अम्पारो, ठेंगणी होती. कोट न काढताच ती खिडकीपाशी बसली. चित्रलेखाने तिच्यापुढे टाको ठेवले, लिंबाची फोड आणि साल्साची वाटी ठेवली आणि ॲप्रनला हात पुसत उभी राहिली.

अम्पारोने आधी नुसत्या पोळीचा तुकडा मोडून खाल्ला. मान हलवली. मग मांस. पुन्हा मान हलवली. साल्सा चमच्याने जिभेवर घेतली आणि थांबली. स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाली.

"हे काय आहे, विचारतेय," मातेओ म्हणाला.

"साल्सा. तुमच्या आईचीच."

मायलेकांचं आपसात बोलणं झालं. मातेओ अवघडला.

"आईने असं कधी केलं नाही. बाबांना अल्सर होता. आमच्या घरी तिखट शिजायचंच नाही. रोसा तर मिरची ताटाबाहेर काढून ठेवायची."

"पण रोसाच म्हणाली होती..."

मातेओने खुर्ची ओढून दिली. चित्रलेखा बसली आणि सावकाश, तुटक इंग्रजीत सांगू लागली. तेव्हा ती नुकतीच या देशात आली होती. एका केअर होमच्या किचनमध्ये कामाला होती. डब्यात भाकरी आणि मिरची-लसूण-शेंगदाण्याचा ठेचा असायचा. डबा उघडला की टेबलावरच्या बाकीच्या बायका वासाने उठून जायच्या, म्हणून ती जिन्यात बसून जेवायची. एक दिवस रोसा जिन्यात आली, ठेच्यात बोट बुडवून चाटलं आणि ओरडली, "माझी आई अगदी असंच करते!" तेव्हापासून दोघी एका डब्यात जेवू लागल्या. दुकान काढलं तेव्हा रोसाने त्यावर फक्त लिंबू पिळलं आणि फळ्यावर लिहिलं, आईची साल्सा. आणि इतकी वर्षं चित्रलेखा धरून चालली होती की पृथ्वीच्या पलीकडे कोणी एक बाई आपल्यासारख्याच मिरच्या भाजत असते.

मातेओ एकेक वाक्य आईला सांगत गेला. रोसा नाक-डोळे गळत असताना कशी खात असे, तेही चित्रलेखाने सांगितलं. तेव्हा चित्रलेखाला वाटायचं, हिला सर्दी झालीय.

अम्पारो उठली, कोट खुर्चीवर टाकला, बाह्या वर सारल्या आणि काउंटरच्या मागे येऊन उभी राहिली.

"दाखव म्हणतेय," मातेओ म्हणाला. "कसं करतेस ते."

चित्रलेखाने तवा ठेवला. तेल सोडलं. अम्पारोने स्वतःच्या हाताने मिरच्या टाकल्या आणि ठसका उठला. दोघी खोकायला लागल्या. मातेओ दार उघडून बाहेर पळाला. तिथूनच त्याने पाटीचं काहीतरी विचारलं. अम्पारो मागे न वळता एकच शब्द बोलली.

"राहू दे म्हणते," तो खोकत म्हणाला.

अम्पारोच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ती ते पुसत नव्हती. चित्रलेखाचा हात एक्झॉस्टच्या बटणापर्यंत गेला आणि तसाच मागे आला. तिने आणखी मूठभर मिरच्या तव्यावर टाकल्या.